कोन्सूबायचं विशेषण

इंग्रजी विशेषण वस्तूला लावलं की वस्तू तशी होते, त्यामुळे ती विशेषणं शिकवायला सरकारमान्य मास्तर लागतो. सांतेकोटला तो मास्तर मी होतो. आडनाव टिपणीस, राहणार पेण.

सांतेकोट हे खाडीच्या तोंडावरचं मच्छीमारांचं गाव. पोर्तुगीज इथून गेले तेव्हा किल्ला उचलून नेता येईना म्हणून तो राहिला, आणि भाषा बहुधा घाईत विसरली. गावची ख्रिस्ती माणसं अजून घरात तीच भाषा बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. असायचं काही कारणही नव्हतं. पण होडीच्या परवान्यासाठी मालकाला प्राथमिक इंग्रजी विशेषणं आली पाहिजेत असा नियम निघाला आणि माझी तिथं बदली झाली.

मराठी विशेषणं लागत नाहीत. लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत आपण ती इतकी उधळली आहेत की त्यांचा चिकटपणा केव्हाच गेला, असं खात्याचं म्हणणं आहे. पोर्तुगीज विशेषणं पिढ्यान्‌पिढ्या वापरून झिजली. इंग्रजी मात्र या गावाला कोरी होती, म्हणून ती पक्की बसायची. नियम सोपे होते. ज्याची वस्तू, त्यानं उच्चारलेलंच विशेषण लागतं. एका वस्तूला वर्षभरात एकच लागतं. आणि स्वतःला लावून घेतलेलं लागत नाही, नाहीतर सगळा तालुका एव्हाना देखणा झाला असता.

वर्ग चर्चच्या पडवीत भरायचा. सरावासाठी खात्यानं एक पत्र्याची पेटी दिली होती. ती सरकारची असल्यामुळे तिला कुणीही काहीही म्हटलं तरी ती होती तशीच राहायची. आम्ही तिला बिग म्हणत होतो, स्मॉल म्हणत होतो, हॉट, कोल्ड, ओल्ड, न्यू म्हणत होतो. जाळी विणून हाताला घट्टे पडलेली माणसं पेटीभोवती मांडी घालून बसायची आणि एका सुरात ओरडायची. एवढा मन लावून शिकणारा वर्ग मला पेणमध्ये कधी मिळाला नव्हता.

अडचण वेगळीच होती. या गावात आपल्या वस्तूला कुणी चांगलं म्हणत नाही, नजर लागते. पाटी भरून पापलेट आणलेला माणूस विचारलं तर "काय नाय, चार काटे मिलाले" म्हणतो. गुटगुटीत पोराला उचलून घेताना "मेलं वालकं", म्हणजे वाळकुडं, म्हणतात आणि मगच मुका घेतात. मी हसणार नव्हतो, कारण माझी आईही मला चारचौघांत "आमचं ध्यान" म्हणायची. पण मी वर्गाला बजावलं होतं, की परीक्षेत आपल्या वस्तूबद्दल बोलताना जपून बोला, तिथं पेटी नसणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावण्यात सांतेकोटचा हात कुणी धरणार नाही.

परीक्षा घ्यायला तालुक्याहून विशेषण निरीक्षक घरत आले. बास्त्यांव म्हणून एक म्हातारा होता, त्याचा जीव कोंबड्यावर. त्याला कोंबड्याबद्दल विचारलं, तर त्यानं इकडंतिकडं बघून "बॅड" म्हणून टाकलं. तो कोंबडा तेव्हापासून भरदुपारी आरवतो आणि पाहुण्यांच्या पोटऱ्या फोडतो. शेजारच्या एका बाईनं आपल्या नव्या चुलीला "कोल्ड" म्हटलं आणि वर्षभर जावेच्या चुलीवर रांधायची पाळी ओढवून घेतली. दोघंही चांगल्या गुणांनी पास झाले.

मग कोन्सूबाय रोझारिओ उठली.

कोन्सूबायचा नवरा वारला होता. तिच्याजवळ एक होडी होती आणि इनास नावाची एक मुलगी. होडी तिच्या नावावर असली तरी ती चालवायची इनास, आणि या मोसमात ती रीतसर तांडेल होणार होती, म्हणजे होडीची कप्तान. गावात आजवर बाई तांडेल झाली नव्हती. धक्क्याचा रिवाज असा, की पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी ज्याच्या होडीला पाणी लागत नाही किंवा जाळ्यात मासळी येत नाही, त्याची धक्क्यावरची जागा दुसऱ्याला जाते. जागा गेली की मासळी उतरवायला ठाव नाही, मग होडी असून नसल्यासारखी. इनासला पनवेलकडे कोळंबी सोलायच्या कारखान्यात जावं लागलं असतं. आणि कोन्सूबायच्या शेजारच्या जागेचा मालक जुझू वेगास, दोन होड्यांचा धनी, तिसरीसाठी जागा शोधत होता. परीक्षेच्या वेळी तो पडवीच्या कठड्याला टेकून उभा होता.

"तुमच्या होडीबद्दल एक वाक्य सांगा," घरत म्हणाले.

कोन्सूबायनं जुझूकडे पाहिलं. आदल्याच दिवशी मायलेकींनी होडीला डांबर लावलं होतं. उभ्या धक्क्यावर तशी होडी नव्हती आणि ते जुझूला माहीत होतं.

"माय बोट इज स्मॉल," कोन्सूबाय म्हणाली.

वाक्य निर्दोष होतं. घरतांनी पैकीच्या पैकी गुण दिले. त्याच क्षणी धक्क्याकडून बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज आला.

आम्ही धावत गेलो. होडी परातीएवढी झाली होती. वल्ही, नांगर, पुढच्या नाळेवरचा क्रूस, सगळं प्रमाणात होतं आणि डांबर अजून ओलं होतं. इनास रडली नाही. तिनं वाकून होडी उचलली, तिच्यातलं पाणी निथळलं आणि ती काखेत मारून घराकडे निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "आये, निदान मिडियम तरी बोलायचं."

"मिडियम शिकवला नाय मास्तरांनी," कोन्सूबाय म्हणाली.

ते खरं होतं. मिडियम दुसऱ्या इयत्तेला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याला गेलो. घरतांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. होडी त्यांनी टेबलावर ठेवून घेतली आणि चारी बाजूंनी पाहिली.

"वर्षभर काही करता येणार नाही," ते म्हणाले. "विशेषण लागलेलं आहे, आणि अगदी नीट लागलेलं आहे. मुलीला आजवर काही लागलंय का?"

"माज्या पोरीला मी कंदी इंग्रजी लावला नाय," कोन्सूबाय म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. मुलगी तुमची आहे. तिलाही स्मॉल म्हणा. होडीत बरोबर बसेल."

"आणि मासळी?" इनासनं विचारलं.

"तुमच्या मानानं एक बोंबीलही पुष्कळ होईल," घरत म्हणाले. "रिवाजात मासळीचं वजन कुठं दिलंय? जागा राहील, परवाना राहील. वर्षानं बघू."

मला तो तोडगा पटला, हे इथंच सांगतो. नियमात बसणारं दुसरं काही दिसत नव्हतं. गावालाही पटला. परत येईपर्यंत बातमी पुढं पोचली होती आणि बाया वाटेत उभ्या राहून समजूत घालत होत्या. लहान म्हटलेलं पोर कधी दगावत नाही, असं त्या म्हणत होत्या. त्यांच्या बोलीत लहानाला पिकेन म्हणतात आणि सगळ्या मुलांचं लाडाचं नाव तेच असतं. "पिकेन बोल आन मोकली हो," असं जुझूसुद्धा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खोट नव्हती. मग त्यानं कोन्सूबायच्या जागेची लांबी डोळ्यांनी मोजली.

कोन्सूबाय कुणाला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती रोज दुपारी माझ्याकडे येऊ लागली.

"मास्तर, पेटी काढा."

"तुम्ही पास झालात, कोन्सूबाय."

"पेटी काढा. मना बिग बोलायचा हाय."

मी तिला समजावलं की होडीवर आता बिग बसणार नाही, नियमच आहे. ती म्हणाली, तुमी शिकवा. मी पेटी काढली. तेव्हा कळलं की सगळ्यांबरोबर ओरडताना तिनं बिग कधी म्हटलंच नव्हतं, नुसते ओठ हलवले होते. एकटीला तो शब्द येईना. ओठ मिटायचे आणि तसेच मिटलेले राहायचे. मग ती दारात जाऊन कुणी ऐकत तर नाही ना हे बघून यायची. सरकारच्या गंजक्या पेटीला मोठं म्हणायला तिच्या कपाळावर घाम यायचा. मला आधी राग आला, मग कीव आली, आणि पुढं पुढं तर मी जेवण आटोपून तिची वाट बघत बसायला लागलो.

एका दुपारी तिच्या तोंडून शब्द निघाला, पण पदराआडून. मग पदर काढून. मग दार उघडं टाकून. शेवटी तिनं मला पेटी डोक्यावर घेऊन धक्क्यावर यायला लावलं आणि जाळी शिवणाऱ्या माणसांच्या देखत तिला ठणकावून बिग म्हटलं. सरकारी कर्मचाऱ्यानं डोक्यावर पेटी घेऊन भर उन्हात उभं राहावं असं सेवाशर्तींत कुठं नाही. मी उभा राहिलो. इनास लांबून बघत होती. ती होडीत घालायची चिमुकली जाळी सुईदोऱ्यानं शिवत होती, कारण कुणी काहीही ठरवलं तरी पहिल्या दिवशी ती समुद्रात जाणारच होती.

बंदी उठली त्या सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. पाद्रीबाबा होड्यांवर पवित्र पाणी शिंपडत आले. इनासच्या होडीवर एकच हबका पडला, तर ती अर्धी भरली आणि फडक्यानं कोरडी करावी लागली. इनास गुडघाभर पाण्यात होडी हातात धरून उभी होती. नव्या लुगड्याचा काष्टा मारला होता. घरत साक्षीदार म्हणून आले होते.

"चला, कोन्सूबाय," ते म्हणाले. "भरती उतरायला लागेल. म्हणा."

गर्दीतले ओठ स्मॉल म्हणायला लागले. माझेही हलले असतील. कोन्सूबाय पाण्याच्या काठाशी आली. जुझू समोरच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून खाली घेतला.

"जपून," घरत म्हणाले. "एकदा लागलं की वर्षभर बदलता यायचं नाही."

"वर्सभर लागनार, म्हनून तर बोलते," कोन्सूबाय म्हणाली, आणि मुलीकडे बोट केलं. "माय डॉटर इज बिग."

शब्द सगळ्या किनाऱ्यानं ऐकला. एका म्हातारीनं घाईघाईनं क्रूस केला. सांतेकोटमध्ये पोटच्या पोराबद्दल असं उघड्यावर कुणी बोललं नव्हतं. 

इनास मोठी व्हायला लागली. आवाज झाला नाही. ती आधी माडाएवढी उंच झाली, मग चर्चच्या घंटेला मागं टाकलं, आणि किल्ल्याच्या बुरुजाच्या जराशी वर जाऊन थांबली. अंगावरचं अंगाबरोबर वाढतं असा नियम आहे, त्यामुळे लुगड्याचा प्रश्न आला नाही. हातातली होडी मात्र होती तेवढीच राहिली. इनासनं ती चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली, कानामागं खोचली आणि खाली वाकून म्हणाली, "आये, जाऊ?"

"जा. उशीर नको करू," कोन्सूबाय म्हणाली.

इनास समुद्रात चालत गेली. खाडी तिच्या घोट्याला लागली, बाहेरचा समुद्र मांडीला. गावातली जादा जाळी घाईघाईनं एकत्र बांधून तिला दिली, ती तिनं ओंजळीनं पसरली. बाकीच्या होड्या तिच्या दोन बाजूंनी सावलीत चालल्या होत्या. जुझूच्या पोरांनी तर तिच्या करंगळीला दोर बांधून घेतला, डिझेल वाचलं.

दुपारी ती परत आली तेव्हा धक्क्यावर एवढी मासळी पडली की बर्फ कमी पडला. जुझूनं रीतीप्रमाणे हरकत घेतली. मासळी आली, हे तो मान्य करत होता. पण रिवाज होडीला पाणी लागण्याचा आहे, होडी कुठं लागली?

इनासनं कानामागून होडी काढली, धक्क्यालगत पाण्यात ठेवली आणि एका बोटानं धरून ठेवली. लाट आली, होडी डुलली. घरतांनी चष्मा पुसून पाहिलं.

"लागलं पाणी," ते म्हणाले. "जागा कायम."

तांडेलाच्या परवान्यावर अंगठ्याच्या ठशाला जागा पुरेना, म्हणून ठसा पाठीमागच्या भिंतीवर घेण्यात आला. होडीसारखा इनासवरही रात्री दिवा हवा का, हा प्रश्न घरतांनी बंदर खात्याकडे पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर ती कंदील धरते.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मी कोन्सूबायकडे निरोप घ्यायला गेलो, माझी बदली झाली होती. इनास घरामागं वाळूत बसली होती, कारण दारातून ती जात नव्हती. कोन्सूबायनं माडाला लावायची शिडी तिच्या खांद्याला टेकवली होती आणि हातात डांबराचा डबा व ब्रश घेऊन ती वर चढत होती. मी खालून शिडी धरली. एवढं उघड बोलल्यावर नजर तर लागणारच, म्हणून तीट लावायची होती.

वर पोचल्यावर तिनं इनासच्या गालावर, कानाच्या खाली, भाकरीएवढा काळा ठिपका काढला. इनासनं तिला सोपं जावं म्हणून मान कलती केली.

"हाल नको," कोन्सूबाय म्हणाली. मग ब्रश डब्यात ठेवून तिनं लेकीच्या गालावरून दोन्ही हात फिरवले, जेवढे पोचतील तेवढे. "वालली ग माजी पोर," ती मराठीत म्हणाली. "किती बारीक जालीस. जेवत नाय तू."

मराठी होतं, लागलं नाही. मी शिडी धरून उभा राहिलो.