कुठलं इंग्लिश?

आमच्या कॉलनीत लंडनच्या बातम्या दोनदा ऐकू यायच्या. एकदा रेडिओतून आणि पाठोपाठ पगारे सरांच्या तोंडून. संध्याकाळ झाली की सरांचा रेडिओ गॅलरीच्या कठड्यावर येई, सर कान त्याला लावत आणि निवेदकाचं वाक्य पुरतं संपायच्या आत तेच वाक्य त्याच सुरात म्हणत. मध्येच खरखर वाढली तर सर अडत नसत. हरवलेलं वाक्य पदरचं घालून पुढे जात. सत्तरच्या दशकातल्या जगाच्या काही घडामोडी नाशिकरोडच्या त्या गॅलरीतच घडल्या, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सर एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. नवा नवा राहायला आलो तेव्हा ओळख वाढवावी म्हणून मी म्हणालो, "आमच्या ऑफिसातले साहेब फार छान इंग्लिश बोलतात."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"कुठलं इंग्लिश? देवळालीचं, मनमाडचं की कोर्टातलं?"

मग बराच वेळ मी हातात भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभा होतो. नुसतं इंग्लिश असं जगात काही नसतंच, हे मला तेव्हा कळलं. देवळालीच्या लष्करी कॅम्पातलं इंग्लिश सगळं हुकमाचं. त्यात 'मीठ द्या' आणि 'गोळी झाडा' एकाच आवाजात म्हणतात. मनमाडचं रेल्वेतलं, इंजिनाच्या आवाजावर ओरडून तयार झालेलं, त्यामुळे बारीकसारीक शब्द वाटेत गळलेले. कोर्टातल्या इंग्लिशला बोलतानाही शिक्का लागतो. "आणि मद्रासी, बंगाली, पंजाबी," सर म्हणाले, "ह्यांनी तोंड उघडलं की तिकीटच दिसतं. गाडीत कुठल्या स्टेशनात चढले ते लगेच कळतं."

"मग स्टँडर्ड कुठलं?"

"बोलणारा कुठला आहे, हे ज्यावरून कळत नाही ते."

ही व्याख्या सर स्वतःच्या बाबतीत फार कडक पाळत. त्यांचं मराठीसुद्धा कडक इस्त्रीचं होतं. गाव विचारलं तर म्हणत, "आता नाशिकच." त्याच्या मागे कोणी जाऊ शकलं नव्हतं.

आणि अशा माणसाच्या घरात सिस्टर होत्या. सिस्टर म्हणजे सरांच्या पत्नी, केरळच्या, गावातल्या एका दवाखान्यात नर्स. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची, आणि दवाखान्यातल्या सवयीनं सरही तसंच म्हणत. नवीन भाडेकरू आला की त्याचे पहिले आठ दिवस फार गोंधळात जात. सरांना विषमज्वर झाला होता तेव्हा दोघांची ओळख झाली. तिला मराठी येईना, ह्यांना मल्याळम. तेव्हा प्रेम इंग्रजीतच करणं भाग होतं. अंगात ताप फणफणत असताना हा पेशंट तोंडातला थर्मामीटर काढून नर्सचं वाक्य दुरुस्त करायचा. "फीवर गोइंग अप, करेक्शन आल्सो गोइंग अप," असं सिस्टर सांगत आणि पदर तोंडाला लावून हसत.

सिस्टरचं इंग्लिश म्हणजे उताराला लागलेली बिनब्रेकची सायकल. शब्द एकमेकांना ढकलत खाली येत आणि वाक्याचं शेपूट मात्र वर उचललेलं. दुपारी ड्यूटीवरून आल्या की त्यांच्या दारात बायकांची रीघ लागे. कुणाच्या पोराचा कान, कुणाच्या सासूचं इंजेक्शन. कोणीही घाबरून धावत आलं की सिस्टर पितळी पेला भरून त्याच्या हातात देत आणि म्हणत, "फर्स्ट सिट. वॉटर ड्रिंक. देन टेल." एवढ्यानंच अर्धं दुखणं कमी व्हायचं. आतून सरांचा आवाज येई, "सिस्टर, ड्रिंक सम वॉटर."

"यस सर, यू आल्सो ड्रिंक," सिस्टर म्हणत.

एका वर्षी गणपतीच्या तयारीत सरांनी बॉम्ब टाकला. मंडळाच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, की यंदा कॉलनी इंग्रजी नाटक करणार. नाटक ते स्वतः लिहिणार, आणि बघायला देवळालीचे एक निवृत्त कर्नल येणार, जे पुष्कळ वर्षं विलायतेत राहून आले होते. "नाटकानंतर मी साहेबांना एकच प्रश्न विचारीन. ही माणसं कुठली? त्यांना सांगता आलं नाही की आपण जिंकलो."

"आणि सांगितलं तर?" माझ्या बायकोनं, शैलानं, विचारलं.

सर म्हणाले, "तर रेडिओ बंद. गॅलरीत पुन्हा बसणार नाही."

झालं, कॉलनीच्या अंगात आलं. तोवर ज्यांना त्या बातम्यांचा वैताग होता, तेसुद्धा सरांचा रेडिओ वाचवायला कंबर कसून उभे राहिले. शैला झाली घरमालकीण, पोस्टातले सोनवणे झाले डॉक्टर आणि मी नोकर, ज्याला वाक्यच नव्हतं. माझं इंग्लिश सुधारण्यापलीकडचं आहे, असं सरांनी प्रेमानं सांगितलं. अख्खा श्रावण तालमी चालल्या. तोंडापुढे पेटती मेणबत्ती धरून 'प' म्हणायचा. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. सोनवण्यांनी त्यात मिशी भाजून घेतली. शैला पोळ्या लाटताना लंडनच्या सुरात माझ्याकडे मीठ मागायची, आणि कुकरची शिट्टी झाली की त्याच सुरात गॅस बंद करायला सांगायची. इतकी मजा त्या घरात पुन्हा कधी आली नाही.

प्रयोगाच्या दिवशी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कर्नलसाहेब पहिल्या रांगेत, शेजारी घामानं भिजलेले सर, पलीकडे सिस्टर. सुरुवात झोकात झाली. शैलाची पहिली चार वाक्यं अशी काही निघाली, की मला वाटलं हिला एखाद्या राणीकडे चहाला पाठवावं. लोकांना एक अक्षर कळत नव्हतं, पण लोक अभिमानानं फुगले होते.

मग डॉक्टर धापा टाकत येतात तो प्रवेश आला. सोनवणे जरा जास्तच जोरात धावत आले, टेबलाला अडखळले आणि खरोखरच धापा टाकायला लागले. शैला तालमीतलं वाक्य विसरली. मग तिनं माझ्या हातातला पेला हिसकावून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "डॉक्टर, फर्स्ट सिट. वॉटर ड्रिंक. देन टेल."

सूर अगदी सिस्टरचा. शेपूट वर. सोनवण्यांना हे इतकं ओळखीचं वाटलं, की त्यांनीही त्याच सुरात उत्तर दिलं, आणि तिथून सगळं नाटक उताराला लागलं. श्रावणभराची मेणबत्ती गेली आणि इतक्या वर्षांच्या इंजेक्शनांचं इंग्लिश बाहेर आलं. आता लोकांना नाटक कळायला लागलं. लोक हसले, एका म्हातारीनं डोळे पुसले, आणि पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात.

कर्नलसाहेब उठले. उमदा माणूस. नाटक फार आवडलं म्हणाले. सरांनी कोरड्या घशानं आपला प्रश्न विचारायच्या आतच त्यांनी हसून विचारलं, की इतकी केरळी कुटुंबं नाशिकरोडला कधी येऊन राहिली?

सर ताडकन उभे राहिले. त्यांच्या तोंडून लंडन फुटेना, पुणंही फुटेना. "नाय हो साहेब," ते म्हणाले, "ह्ये समदे इथलेच हायेत. लय मेहनत घेतली व्हती. मी सोता लासलगावकडचा हाय."

इतक्या वर्षांत सरांचं गाव कॉलनीला पहिल्यांदाच कळत होतं. सर मान खाली घालून उभे होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात सिस्टर उठल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी सरांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं. "लासलगाव आल्सो गुड प्लेस, सर. फर्स्ट सिट."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरी रिकामी होती. शब्दाचा पक्का माणूस. मग सिस्टर रेडिओ उचलून घेऊन आल्या, कठड्यावर ठेवला, सुरू केला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं आत ओरडल्या, "सर, न्यूज टाइम." सर आले. रोज तो रेडिओ सिस्टरच बाहेर ठेवायच्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ऐंशी साल उलटल्यावर सिस्टर गेल्या. थोड्याच दिवसांचं आजारपण, त्यांच्याच दवाखान्यात. त्यानंतर कठड्यावर रेडिओ आला नाही. सर शाळेत जात, येत, दार लावून घेत. आम्ही डबा पाठवला की डबा घासून परत येई, वर एक शब्द नाही.

आणि एके संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, पाणी मिळेल?"

त्यांच्या घरात पाणी नसायचं काही कारण नव्हतं. शैलानं पेला दिला, "कसे आहात सर?" विचारलं. ते उभ्याउभ्याच प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी न राहवून म्हणालो, "सर, काही हवं आहे का? संकोच करू नका."

सर पेल्याकडे बघत राहिले. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "जरा इंग्लिशमध्ये बोलाल?"

शैला गोंधळली. "अहो सर, मला कुठलं इंग्लिश येतं?"

"आमच्या घरचं येतं ना," सर म्हणाले.

शैलानं सूर बरोबर धरला. शेपटासकट. "सर, फर्स्ट सिट. वॉटर ड्रिंक. देन टेल."

सर बसले. पाणी प्यायले. दुरुस्त काही केलं नाही.