सप्रेकाका आणि आमचा सिलिंडर

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये गॅस संपत आला की लोक एजन्सीला नंतर आणि सप्रेकाकांना आधी कळवत. काका यायचे, ओट्याखाली उकिडवे बसायचे, सिलिंडरला कान लावायचे आणि नारळ वाजवून बघावा तसं टकटक करून निदान सांगायचे, "बाई दमल्यात. गुरुवारपर्यंत चालतील." बाई म्हणजे सिलिंडर.

संताप याचा, की तो गुरुवारपर्यंतच चालायचा. एकदा बुधवारीच संपावा म्हणून मी आंघोळीचं, प्यायचं आणि कशालाच नको असलेलं पाणीसुद्धा गॅसवर उकळत ठेवलं. तरी बाईंनी मान टाकली ती गुरुवारच्या वरणालाच.

काका खोपटच्या एसटी डेपोतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. गॅसशी त्यांच्या नोकरीचा काडीचा संबंध नाही. तरी चारही मजल्यांवर शब्द त्यांचाच. नवा सिलिंडर आला आणि मी रेग्युलेटरला हात घातला की माझी बायको सुनीता म्हणायची, "अहो, राहू दे, काका येतायत." मग काका येऊन मला म्हणायचे, "अनिलराव, जरा बाजूला व्हा. परका माणूस बघून बाई बुजतात." माझ्याच स्वयंपाकघरात मी परका.

वर मानपान वेगळा. नव्या सिलिंडरवरचा पहिला चहा काकांचा, तोही आलं घातलेला. मला आलं मागून घ्यावं लागतं. खरं सांगतो, मी जळायचो. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, लुंगीवर फिरणाऱ्या माणसावर जळायचो.

मग पाइपचा गॅस आला. घरोघरचे सिलिंडर गेले आणि सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आता कोण दमतंय आणि कोण कोणाला बोलावतंय?

काही दिवसांनी काका संध्याकाळचे बेल वाजवू लागले. जिन्यात गॅसचा वास आला, तुमच्याकडे येतोय का, असं विचारायचे. सुनीता शेगडीपाशी जाऊन हुंगून यायची आणि नाही म्हणायची. मग ते वरच्या मजल्यावर जायचे. तिथेही नाहीच. बिल्डिंग हसायला लागली. मीही हसलो, जरा जास्तच.

परवा सुनीता टेंभी नाक्याला माहेरी गेलेली. बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात साबणाच्या फेसाची वाटी.

"वास येतोय का हो?"

कसलाही वास नव्हता. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर काका जिन्याकडे वळलेसुद्धा होते. उत्तर त्यांना पाठ झालं होतं.

"येतोय थोडासा," मी म्हणालो. "बघता का जरा?"

काका आत आले. पाइपच्या एकेका सांध्याला बोटाने फेस लावून प्रत्येकापुढे बराच वेळ बसले. एकही बुडबुडा आला नाही.

"तसं काही दिसत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण गॅसचा भरवसा नाही. उद्या परत एकदा बघायला हवं."

"बघाच," मी म्हणालो. "फक्त सुनीताला नको, हाक मला मारा."