आप्पांची तीन जेवणं

मुलाकडे राहायला आल्यापासून आप्पांना रोज संध्याकाळी तीनदा जेवावं लागत होतं.

जबरदस्ती कुणाचीच नव्हती. गावाकडे सगळे शेतातून एकदमच परतत आणि पातेलं एकदाच उघडे. इथे आधी नात क्लासवरून येई, मग इस्पितळात परिचारिका असलेली सून, आणि शेवटी गोदामात काम करणारा मुलगा. पहिल्याच दिवशी आप्पांनी पाहिलं, की जो येतो तो फ्रिजमध्ये डोकावतो, ओट्याशी उभ्यानेच काहीतरी चघळतो आणि खोलीत जातो. एकट्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. दुसऱ्या दिवसापासून ते टेबलावर ताटं मांडून बसू लागले.

"आजोबा, तुम्ही जेवून घ्यायचं ना!"

"तुझ्याशिवाय घास उतरत नाही गं."

नात उसासा टाकून खुर्ची ओढे. तिचं आटोपतं न आटोपतं तोच सून दारात.

"हे काय आप्पा, अजून जेवला नाहीत?"

जेवलो म्हणावं, तर सून एकटी पडणार. "छे, तुझीच वाट बघत होतो," म्हणत आप्पा दुसरं ताट घेत. मुलगा येईपर्यंत त्यांचा श्वासही वर वर चालू असे, तरी ते तिसऱ्या ताटाशी हसतमुखाने बसत.

पोटाचं घनफळ काही मायेने वाढत नाही. आप्पांनी आधी दुपारचं जेवण सोडलं, मग न्याहारी. सदऱ्याची खालची दोन बटणं कायमची उघडी राहिली. झोप बसूनच लागे. त्यात समोरच्यांचे चेहरे बघवत नव्हते. सून एकेक घास औषधासारखा गिळे आणि मुलगा जेवताना पट्टा सैल करी. 'शहरात माणसाची भूकच मरते,' आप्पा मनाशी म्हणत आणि त्याच्या ताटात आणखी वाढत.

शेवटी एका दुपारी जिना चढताना ते मध्येच बसले ते उठेचनात. शेजाऱ्यांनी फोन केले. तिघंही कामं टाकून धावत आले. डॉक्टरांनी पोट टकटकवून पाहिलं.

"संध्याकाळी किती जेवता?"

"मुलांबरोबर जेवतो."

"किती, ते विचारलं मी."

आप्पांनी छताकडे पाहिलं.

"आठवडाभर रात्रीचं जेवण बंद. नुसतं पाणी," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी घरी आल्यावर आप्पा ओशाळून म्हणाले, "माझं राहू दे. तुम्ही तिघं वाढून घ्या."

कुणी हललं नाही.

"आजोबा, खरं सांगू? मी रोज क्लासशेजारीच खाऊन येते," नात म्हणाली.

"मी पण वॉर्डातच उरकते," सून पुटपुटली.

मुलगा पट्ट्याशी चाळा करत होता. "आमचं कॅन्टीन बरं असतं, आप्पा."

"अरे, मग घरी येऊन परत जेवत कशाला होता?"

"तुम्ही उपाशी बसायचात ना!" तिघं एकदमच म्हणाले.

मग आप्पांनी स्वतःच्या तीन जेवणांचंही सांगून टाकलं. सून कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. शेजारी मुलगा बसला, मग नात. उठायचं त्राण कुणातच नव्हतं. टेबल रिकामं होतं आणि त्याभोवती, महिन्याभरात पहिल्यांदाच, चौघं होते.

आप्पांनी चार पेल्यांत पाणी ओतलं.

"चला, करा सुरुवात," ते म्हणाले. "आणि सावकाश हं. उगाच घाई नको."