मुरलीधर अजून दरीतच!

"या गणपतीत मुरलीधरला दरीतून वर काढतोच! नाही काढला तर नाव सूर्यकांत लावणार नाही!"

२०१०मध्ये दुबईतल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये सूर्यकांतने टेबल बडवून हे जाहीर केलं. बिचारा मुरलीधर दोन वर्षं दोरीला लोंबकळत होता. म्हणजे सिनेमात हो! मंडळाच्या पहिल्या साहसपटाच्या शेवटी हिरो दरीवर लटकला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'बाकीचं पुढच्या गणपतीत.' दरी म्हणजे अबूधाबीकडच्या मुसफ्फातल्या सूर्यकांतच्या वर्कशॉपची क्रेन आणि मागे रंगवलेलं गोणपाट! पण लोकांनी काय शिट्ट्या मारल्या होत्या!

पुढच्या गणपतीआधी मंदी आली. मुरलीधरची कंपनी खलास, व्हिसा रद्द. जाता जाता तो म्हणाला होता, "सूर्या, तेवढा वर येण्याचा सीन उरकून घे ना."

"शुक्रवारी घेऊ रे. आज हवेत धूळ फार आहे."

शुक्रवारी मुरलीधर पुण्यात होता. हे सूर्यकांतच्या मनाला फार लागलं.

मुरलीधरची बायको कमलिनी इथे शाळेत शिकवायची, म्हणून ती आणि लेक पर्णिका मागे राहिल्या. पर्णिका भेटली की विचारायची, "अंकल, व्हेन विल यू सेव्ह बाबा?"

"या गणपतीत, इन्शाल्ला!"

पण हिरो आणायचा कुठून? पाठमोरा कोणीही चालेल, असं सूर्यकांतने ठरवलं. आणि कोणीही म्हणजे नेमका केटरिंगवाला गोपीनाथ! त्याचं पोट बघून क्रेनवाला खैरुद्दीन म्हणाला, "हबीबी, ये हीरो है या एसी का चिलर?"

"यल्ला, चलो, उठाओ!" सूर्यकांत ओरडला.

क्रेन अर्ध्यावर अडकली. गोपीनाथ गरगर फिरायला लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि पठ्ठ्याने तो घेतलाही! "हां वहिनी, मोदक गरमच येतील... आवाज होय? काही नाही, जरा लटकलोय!"

दुसरा टेक घ्यायला क्रेन मोकळी मिळालीच नाही. फोनचा भाग कापू, असं म्हणता म्हणता गणपती आले.

बर दुबईचा हॉल खच्चून भरला. पर्णिका पहिल्या रांगेत, कमलिनीचा हात घट्ट धरून. दोरी हलली. हिरो वर आला, वळला आणि पडदाभर गोपीनाथ! कानाला फोन!

"दॅट्स नॉट बाबा!"

हॉल हसून हसून लोळला. पर्णिका मात्र हुंदके द्यायला लागली. सूर्यकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, पहिलाच भाग लावा!" मागून कोणीतरी ओरडलं.

सूर्यकांतने तो लावला. त्यातले अर्धे चेहरे आता दुबईत नव्हते. ते एकेक दिसू लागले तसं हसणं थांबलं. शेवटी मुरलीधर दोरीला लटकला, घामाघूम, मजेत ओरडत.

"अंकल, पॉज!" पर्णिका पडद्यापाशी धावली. "डोन्ट पुल हिम अप! तिथेच राहू दे बाबा."

सूर्यकांतने बटण दाबलं.

बऱ्याच वेळाने गोपीनाथ त्याच्या कानाशी कुजबुजला, "अरे, मोदक गार होतायत."

"होऊ देत," सूर्यकांत म्हणाला.