भटू नानांची कोरडी आंघोळ

भटू नाना दुसऱ्याच्या बाथरूममध्ये कपड्यांसकट आंघोळ करतात. तीही पाण्याशिवाय. स्टुलावर बसतात, डोळे मिटतात, रिकाम्या बादलीत तांब्या बुडवून डोक्यावर ओततात आणि मग चाचपडत हात पुढे करतात. हात जिथे थांबेल तिथे भिंतीवर पेन्सिलीची फुली. तिथे साबण. दुसरी फुली, तिथे तेल. धुळ्यात गवंडी पुष्कळ आहेत, पण चपला दाराशी काढून आणि टोपी डोक्यावर ठेवून न्हाणारा हा एकच.

"टेप भिंत मोजस," ते म्हणतात. "मानूसले कोन मोजी?"

नाना सत्तरीचे, आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहतात. कुणाकडेही गेले की पाणी पिण्याआधी न्हाणीघर बघून येतात. पुतणीसाठी स्थळ बघायला भडगावला गेले तेव्हा सगळे मुलाला प्रश्न विचारत होते आणि नाना आत गायब. बाहेर येऊन म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. पन टॉवेल टांगाले जागा नही. पोर वला टॉवेल कोठे ठी?" मुलाच्या वडिलांनी तिथल्या तिथे खुंटी ठोकून घेतली, मगच सुपारी फुटली. पुतणी अजून त्या खुंटीबद्दल काकांचं नाव काढते.

आता आमच्या बाथरूमबद्दल. देवपुरातलं हे घर आम्ही तयार विकत घेतलं. ज्याने बांधलं त्याने बाथरूम बहुधा उरलेल्या जागेत बसवलं असावं. लांबच लांब आणि इतकं अरुंद की कोपर भिंतीला घासतं. दार आत उघडतं ते थेट बादलीवर. खिडकी छातीच्या उंचीवर, काच साधी आणि समोर शेजाऱ्यांचा जिना. त्यांच्या घरचं कुणी ना कुणी पापड, मिरच्या, गाद्या घेऊन गच्चीवर जात-येत असतंच. मी काचेला वर्तमानपत्र चिकटवलं, ते वाफेने आठवड्यात सुटलं. सामान ठेवायला फळी नाही, म्हणून शाम्पू, शिकेकाई, दाढीचं सगळं खिडकीतच. त्यामुळे खिडकी लागत नसे. एकदा आमच्या यांचा दाढीचा ब्रश शेजाऱ्यांच्या मिरच्यांत जाऊन पडला आणि शेजारणीने तो चिमट्यात धरून परत आणून दिला.

आम्ही हसून दिवस काढले. पण बाबा गेल्यावर आईला मी पिंपळनेरहून इथे आणलं. तिथे ती एकटीच होती. इथे आल्यापासून ती पहाटे, आम्ही उठायच्या आत आंघोळ उरकायची. मी शेजारणीला कौतुकाने सांगायची, आईचा नेम फार कडक हो! दोन महिन्यांत ती बाथरूममध्ये घसरली. नशीब, मुका मारच लागला. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "येत्या सोमवारी मी गावले जास. पोरगीना घरमा किती दिन ऱ्हावानं?" मला वाटलं, आपलंच काही चुकलं. मी रडले, भांडलेही. ती ऐकेना.

म्हटलं, निदान ती परत येईल तेव्हा तरी बाथरूम धड असू दे. नानांना बोलावलं. यांनी मोबाईलवर कुंडीत झाड ठेवलेल्या झकपक बाथरूमचे फोटो दाखवले. नानांनी चष्मा लावून एकेक पाहिला. "आठे मानूस कोठे शे? नुसतं झाड शे." मग स्वतः कोरडी आंघोळ केली आणि फर्मान काढलं, घरातल्या प्रत्येकाने करायची. यांनी बनियनवर, मान खाली घालून, परीक्षेला बसल्यासारखी केली. माझ्या वेळी नाना बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मला आतून हाताची उंची ओरडून सांगायला लावली. गल्लीला काय वाटलं असेल ते असो.

शेवटी आई. ती पदर सावरून हसत आत गेली. मी दारात उभी. बाहेरून नाना म्हणाले, "आक्का, रोज करस तसंच कर. पहिला हात कोठे जास?"

आईचा हात गेला बटणाकडे. तिने दिवा बंद केला. मग खुंटीवरचं जुनं लुगडं काढून खिडकीला बांधलं. आणि त्या काळोखात स्टूल चाचपडत बसली.

"आई, अंधारात?"

"मंग? दिवा लावा ते सावली दिसस ना भाहेर."

नेम कसला आणि कौतुक कसलं! ती घसरली ती याच अंधारात. मला स्वतःची लाज वाटली. बाहेरून नाना म्हणाले, "आक्का, सोमवारले आठेच आंग धोय, मंग जाय."

नानांनी जुनी खिडकी बाहेरच्या अंगाने विटांनी बुजवली आणि नवी अगदी स्लॅबखाली, आडवी, दुधी काचेची बसवली. उजेड भरपूर, आणि जिन्यावरून काही दिसलंच तर फक्त आमचं छत दिसेल. जुन्या खिडकीच्या जागी आत अर्ध्या भिंतीएवढा खोल कोनाडा राहिला. त्यात कडप्प्याचे चार कप्पे केले. सगळ्यात खालचा, स्टुलावर बसून हात पोचेल असा, आईचा. दार बाहेर उघडतं केलं. आधाराला धरायची दांडी लावली, तीही स्टुलावरून उठताना आईचा हात गेला त्या फुलीवर.

सोमवारी, चांगलं ऊन वर आल्यावर, आई आंघोळीला गेली. नानांचं काम संपलं होतं, तरी ते अंगणात बसून राहिले. समोर चहा ठेवला, त्याला हात लावला नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता. आई घाई करत नव्हती. ओल्या केसांनी बाहेर आली आणि मला म्हणाली, "चांगलं वाटनं वं माय. ऱ्हास मी." मी नानांचे पायच धरले. त्या माणसाने मला माझी आई ठेवून दिली होती, याहून दुसरं काय म्हणू?

नानांनी पाय मागे घेतले. "मनी बायको बी पहाटे अंधारामाच आंग धोये," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "माले वाटे, तिनी सवय शे. लोकेसना घरमा मी खिडक्या बसाडात. तिले कधी इचारंच नही. ती गयी, तधळ घरमा बसीसन ध्यानमा उनं."

मग आई म्हणाली, "भाऊ, तू माले इचारं ना? तिले पोचनं ते."

नानांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि उठून बाथरूममध्ये गेले. आईच्या आंघोळीने फरशी ओली होती. खांद्यावरचा पंचा काढून ते उकिडवे बसले आणि ती पुसू लागले, अगदी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. मी त्यांना अडवायला धावले, तर आईने माझा हात धरला.

"करू दे त्याले," ती म्हणाली.