तात्या हवालदारांची कालुंदरं

दोन मासे एकमेकांना काय म्हणाले, हे अख्ख्या आळीला ओरडून सांगणारा माणूस माझा शेजारी होता. तात्या हवालदार.

लढाई संपल्यावर तात्या साताऱ्याला परतले. पलटणीत त्यांचं काम झेंड्यांनी इशारे देण्याचं. त्यामुळे जे जे हलेल त्यात त्यांना निरोप दिसे; दोरीवरच्या माझ्या धोतरातसुद्धा. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पाटणला माहेरी होत्या. का, ते तात्या सांगत नसत.

मालवणच्या एका सोबत्यानं त्यांना खाडीतल्या कालुंदर माशांची जोडी रॉकेलच्या डब्यातून आणून दिली. तात्यांनी काचेची पेटी करवून घेतली. माशांची नावं ठेवली शिरपा आणि सखू.

"आवं गुरुजी, पळत या! शिरप्यानं पर उभारला!"

मी शाळामास्तर. दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावायचो.

"म्हणजे काय, तात्या?"

"मागणी घातली! इशारा वळखा की जरा!"

मग एका रविवारी साखरपुडा ठरला. आळी जमली. मला मुलीकडचा म्हणून पाटावर बसवलं. साखर वाटून होतेय तोच सखूनं शिरप्याचा जबडा तोंडात धरला आणि त्याला पेटीभर फरफटवलं. बायका पदराआड हसायला लागल्या.

तात्या कडाडले, "ही सखू न्हाई, सखाराम हाय! दोन गडी हद्दीवरनं भांडत्यात!" आणि त्यांनी पेटीच्या मधोमध काच उभी केली. "तहाची बोलणी हुईस्तवर कुनी हालायचं न्हाई."

मासे काचेच्या दोन्ही बाजूंनी तोंड लावून उभे राहिले. कणकेची गोळीही शिवेनात.

"रुसलेत हो," मी म्हणालो.

"तुमी भूगोल शिकवा!"

पण शेवटी त्यांनाच राहवेना. त्यांनी काच काढली. लगेच जबडे भिडले. तात्यांनी डोळे गच्च मिटले.

सकाळी पेटीतल्या कौलाच्या तुकड्यावर अंडी चिकटली होती. सखू परांनी त्यांना वारा घालत होती आणि शिरपा पहाऱ्यावर होता. मी टाळी वाजवली. तात्या मात्र पेटीपुढं उकिडवे बसले.

"मी भांडान समजलो, गुरुजी," ते म्हणाले. "लढाईवरनं आलो त्या दिशी कारभारीनबी अशीच अंगावर आली. इतकी वर्सं कुटं हुता, म्हनाली. मला वाटलं, हिला मी नगंसा झालोय. मीच तिला म्हायेरी धाडली."

मासे माझ्यावर सोपवून ते पाटणच्या मोटारीत बसले.

परतीच्या मोटारीला मी अड्ड्यावर गेलो. आधी काकू उतरल्या. धूळ, मोटार, तात्यांच्या मिशा, कशालाही नावं ठेवायचं त्या सोडत नव्हत्या. मागं डोक्यावर ट्रंक घेऊन तात्या.

"काय म्हणतात काकू?" मी हळूच विचारलं.

तात्यांचे डोळे भरून आले होते.

"काय की," ते म्हणाले. "ऐकतोय नुस्तं."