चार बोटं लांब बाही

हॉलमधला एसी इतका गार होता, की स्टोअरकाकांनी पिशवीतला स्वेटर काढून अंगात चढवला, आणि तिथेच सगळं फसलं.

एरवी काका ऑफिसच्या अशा स्नेहमेळाव्यांना फक्त जेवणापुरते यायचे. ऑफिसच्या सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. जुना बल्ब आणून दाखवल्याशिवाय नवा बल्ब साहेबांनाही मिळत नसे. बायको गेल्यापासून मात्र त्यांनी खोलीबरोबर तोंडालाही कुलूप घातलं होतं. निळा स्वेटर तिच्याच हातचा, शेवटचा. त्याची डावी बाही चार बोटं लांब झाली होती.

"माप घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" ते दर थंडीत विचारायचे.

"दुमडा आणि गप्प बसा," ती म्हणायची.

ते दुमडायचे. गप्प मात्र बसायचे नाहीत.

"चला, आज सगळ्यांचं अवघडलेपण घालवू या!" गळ्यात शिट्टी अडकवलेल्या बाई म्हणाल्या. खेळ घेण्यासाठी त्यांना मुद्दाम बाहेरून बोलावलं होतं. "गोल उभे राहा. समोरच्या कुणाचेही हात धरा. झाली गाठ! आता हात न सोडता ती सोडवायची. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. एक जरी बोलला, तरी अख्खा गट पहिल्यापासून!"

काकांचा एक हात अकाउंट्सच्या ताईंकडे गेला, दुसरा ड्रायव्हरकडे. शिट्टी वाजली. साहेब वाकून काकांच्या डाव्या हाताखालून पलीकडे गेले, तेव्हा मनगटाशी हलकीशी ओढ बसली. बाहीची दुमड सुटली होती, तिचा काठ साहेबांच्या खिशाला लावलेल्या ओळखपत्राच्या चिमट्यात अडकला होता, आणि एक निळा धागा साहेबांच्या मागोमाग निघाला होता.

काका ओरडणारच होते. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी साहेबांकडे बघून भुवया उंचावल्या. साहेबांनीही आनंदाने उंचावल्या. मग काकांनी ताईंना मान हलवून खूण केली. ताई उजवीकडे सरकल्या, आणि धागा त्यांच्याभोवतीही फिरला. शेवटी न राहवून काकांनी पाय आपटला. ड्रायव्हरला वाटलं, ताल धरलाय. त्यानेही आपटला. बघता बघता सगळा गट पाय आपटायला लागला.

"वा! काका, काय नेतृत्व आहे!" बाई ओरडल्या.

काकांचं मनगट उघडं पडलं. मग वारा कोपराच्या दिशेने चढायला लागला. साहेब कुणाच्या काखेखालून, कुणाच्या हातावरून उत्साहाने फिरत होते, आणि तिनं विणलेली ओळ न् ओळ त्यांच्याबरोबर चालली होती.

अचानक गाठ सुटली. "पहिला नंबर!" बाईंनी जाहीर केलं, आणि साहेब बक्षीस घ्यायला धावले.

"कुणी हलायचं नाही!"

अख्खा हॉल जागच्या जागी थिजला. काकांचा आवाज एवढा मोठा आहे, हे काकांनाही माहीत नव्हतं.

"ही बाही..." ते म्हणाले, आणि त्यांनी उघडा हात पुढे केला. "आमच्या हिनं विणली होती. शेवटची."

साहेबांनी खाली आपल्या खिशाकडे पाहिलं. मग धाग्याकडे. मग काकांच्या उघड्या कोपराकडे. त्यांचा चेहरा पडला.

"ताई, कसा सोडवायचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोडायचा नाही. आलात तसे मागे जा, साहेब. माझ्या डावीकडून. अहो, माझ्या! तुमच्या नव्हे!"

साहेब उलट्या पावलांनी निघाले. ड्रायव्हर टेबलाखालून रांगला. बाईंच्या शिट्टीच्या दोरीतही एक वेढा निघाला. ताई लोकरीचा गुंडा करत होत्या आणि काका कंबरेवर हात ठेवून हुकूम सोडत होते, "खेचू नका! एकेक करून या!" जेवण गार झालं, पण कुणी तिकडे फिरकलं नाही.

"द्या इकडे, मी देते विणून," शेवटी ताई म्हणाल्या. "माझ्या घरी सुया आहेत."

काकांनी गुंडा हातात घेतला. तो हातातून सोडवेना. "सुया आणा," ते म्हणाले. "मला शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत सामानाची खोली उघडी राहायला लागली. ताई शिकवायच्या, ड्रायव्हर सल्ले द्यायचा, साहेब माप धरायला हात पुढे करायचे. "टाका सुटला, काका!" "साहेब, तुम्ही बोलू नका, तुमच्यामुळेच सुटलाय सगळा!" माप तर दर ओळीला घेतलं जाई. तरी सुट्टी संपता संपता काकांच्या मनात यायचंच, कमी तर पडणार नाही ना? मग ते आणखी एक ओळ घालायचे. मग आणखी एक.

बाही पूर्ण झाली, तेव्हा काकांनी स्वेटर घातला. सगळ्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं आणि नजरा चोरल्या.

"काका," ताई चाचरत म्हणाल्या, "चार बोटं लांब झालीय. उसवून देऊ?"

काकांनी बाहीकडे पाहिलं. मग त्यांनी ती सवयीने दुमडली.

"नको," ते म्हणाले. "माप बरोबर आहे."

आणि या वेळी ते गप्प बसले.